खलनायकांची पंगत

गोष्ट संपली, की नायकापेक्षा खलनायकच मनात अधिक काळ रेंगाळतो, असा अनुभव तुम्हांलाही आला असेल. नायक काय करणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते. खलनायक काय करील, याचा मात्र नेम नसतो. सज्जनांची वाट एकच, दुर्जनांच्या तऱ्हा नाना! म्हणूनच की काय, खलनायकांची पंगत मांडून त्यांना योग्यतेप्रमाणे पाट देण्याचा एक छंद मला जडला आहे. या छंदाला फार सोयीची पडली ती 'बॅटमॅन' ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका.

ही मालिका १२ जानेवारी १९६६ रोजी सुरू झाली आणि १४ मार्च १९६८ रोजी संपली. तेवढ्या अवधीत तिचे १२० भाग झाले. ॲडम वेस्ट हा नट बॅटमॅन होई आणि बर्ट वॉर्ड त्याचा तरुण साथीदार रॉबिन. गॉथम या काल्पनिक नगरीवर संकट आले, की वटवाघळाच्या वेषातला बॅटमॅन रॉबिनला घेऊन धावून जाई. हाणामारी सुरू झाली, की ठोशांचे आवाज रंगीत अक्षरांत पडद्यावर उमटत. सारा मामला विलक्षण भडक. पण तो इतक्या गंभीर चेहऱ्याने चाले, की मुलांनी श्वास रोखून पाहावे आणि थोरांनी पोट धरून हसावे! आणखी एक मौज म्हणजे खलनायकाच्या अड्ड्यात कॅमेरा मुद्दाम तिरपा धरीत. माणसे वाकडी, म्हणून तेथली जमीनही वाकडी!

पाट मांडायचे, तर काही माप हवे. बळाचे माप येथे निरुपयोगी आहे. कारण शेवटी हरायचे सगळ्यांनाच असते. म्हणून मी निराळे माप घेतले. हा खलनायक आपल्याजवळचे काय घेऊन मोठा होतो, एवढेच मी पाहतो.

शेवटचा पाट एगहेडचा. व्हिन्सेंट प्राइस या नामांकित नटाने हे सोंग रंगविले होते. डोके अंड्यासारखे आणि शस्त्रेही अंड्यांचीच! कांदे खाऊ घातलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांतून तो अश्रुधूर काढतो. बुद्धी त्याला खचित आहे. परंतु आपल्याजवळून तो घटकाभराच्या करमणुकीपलीकडे काही नेत नाही. त्याच्या वरचा पाट किंग टटचा. हा मूळचा येल विद्यापीठातला प्राध्यापक, इजिप्तच्या प्राचीन इतिहासाचा पंडित. डोक्यावर आघात होतो आणि तो स्वतःला त्या देशाचा राजा समजू लागतो. पुन्हा आघात झाला, की बिचारा शुद्धीवर येतो आणि झाले ते त्याला काहीच आठवत नाही. व्हिक्टर ब्युओनोने साकारलेला हा राजा आपली कीव घेऊन जातो.

चौथा पाट रिडलरचा, म्हणजे कोडी घालणाऱ्याचा. मालिकेचा शुभारंभ त्यानेच केला. त्या पहिल्याच कथेत तो बॅटमॅनला फसवून स्वतःला चुकीची अटक करवून घेतो आणि मग त्याच्यावर दहा लाख डॉलरांचा दावा ठोकतो. बॅटमॅनला न्यायालयात खेचून त्याचे खरे नाव जगापुढे आणावे, हा त्यातला डाव. फ्रँक गॉर्शिनचा अभिनय असा, की खदाखदा हसता हसता हा मनुष्य एकाएकी स्तब्ध होतो आणि पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. अनेकांच्या मते पहिला मान याचाच. परंतु याची एक खोड आहे. गुन्हा करण्यापूर्वी कोडे पाठविल्यावाचून त्याला चैन पडत नाही. चोरी साधावी यापेक्षा आपली हुशारी कुणीतरी जाणावी, ही त्याची भूक मोठी. तो आपले कुतूहल घेतो खरा, पण जाताना स्वतःला पकडण्याचा धागाही देऊन जातो.

तिसरा पाट जोकरचा. सीझर रोमेरो या नटाने या भूमिकेसाठीही आपल्या मिशा उतरविल्या नाहीत. त्यांच्यावरूनच पांढरा रंग थापला जाई, आणि नीट पाहिले तर त्या दिसतातही! विनोदवीरांच्या स्मारकमंदिरात आपल्याला स्थान नाही, म्हणून हा एकदा चिडून उठतो. एकदा तर समुद्राच्या लाटांवर फळीवरून घसरण्याची तो बॅटमॅनशी शर्यत लावतो. तो आपले हसू घेतो. हसणारा माणूस सावध नसतो, हे त्याला पक्के ठाऊक आहे.

दुसरा पाट मी कॅटवूमनला देतो. पहिली दोन वर्षे ज्यूली न्यूमारने आणि नंतर अर्था किटने ही मार्जारसुंदरी उभी केली. बॅटमॅनविषयी तिच्या मनात ओढ आहे. चांगले काय हे तिला कळते. मार्च १९६६ मधील एका भागात लुटीचे गाठोडे घेऊन ती एका खोल दरीवरून उडी मारते आणि काठाला लोंबकळत राहते. गाठोडे सोड, म्हणजे तुला वर ओढतो, असे बॅटमॅन काकुळतीने विनवतो. ती ऐकत नाही आणि गाठोड्यासह खाली जाते. पुढे ती पुन्हा अवतरते, ही गोष्ट निराळी. पण त्या क्षणी आपला जीव कासावीस होतो. ती आपली माया घेऊन जाते.

आणि मानाचा पाट? तो पेंग्विनचा. उंच टोपी, हातात छत्री, ओठांत लांब नळीतली सिगारेट. बर्जेस मेरेडिथने धूम्रपान सोडलेले होते. त्या धुराने येणारा खोकला लपविण्यासाठी त्याने बदकासारखे हसणे काढले, आणि तेच पेंग्विनची खूण ठरले. असल्या हास्यास्पद प्राण्याला अग्रपूजा का? त्याचे कारण नोव्हेंबर १९६६ मधील एका कथेत आहे. पेंग्विन गॉथमच्या महापौरपदासाठी उभा राहतो! तो लोकांना मदत करतो, देणग्या देतो, वाजंत्री लावून सभा भरवितो. त्याला रोखण्यासाठी बॅटमॅनही उभा राहतो आणि नगराच्या प्रश्नांवर कंटाळवाणी, पण खरी भाषणे करतो. तेव्हा पेंग्विन लोकांना विचारतो, "याची छायाचित्रे पाहा, हा सदैव गुन्हेगारांच्या संगतीत! आणि मी? माझ्याभोवती नेहमी पोलीस असतात!" लोकांना ते पटते. निवडणुकीपूर्वीच्या अंदाजांत तो कितीतरी पुढे असतो. अखेर विजय बॅटमॅनचा होतो. पण मधला तो काळ मला अस्वस्थ करतो.

इतर खलनायक गॉथमच्या तिजोऱ्या फोडतात. पेंग्विन काहीच फोडीत नाही. तो मागतो, आणि लोक आपण होऊन देतात. त्याने घेतलेली वस्तू म्हणजे लोकांचा विश्वास. चोरीला गेलेला हार पोलिसांना शोधून आणता येतो. स्वखुशीने दिलेले मत कोणता बॅटमॅन परत आणणार? त्याला रोखण्याचे सामर्थ्य फक्त देणाऱ्याच्या अंगी असते, आणि तेही देण्यापूर्वीच.

मालिकेत तिरपा कॅमेरा आपल्याला बजावीत असे, की येथे काही वाकडे आहे. तुमच्या-आमच्या जगात ही सोय नाही. येथे सगळ्यांच्या पायाखालची जमीन सारखीच सपाट दिसते. वाकडे काय, हे ज्याचे त्यानेच डोळे उघडे ठेवून ओळखायचे असते.