पावसाळ्यातला गुलाबबाग

चंदीगडचा गुलाबबाग लोक फेब्रुवारीच्या महोत्सवात पाहतात. १९६७ साली सुमारे ३० एकरांवर उभारलेल्या या बागेला गुलाबांचे शौकीन राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसैन यांचं नाव आहे. मी म्हणेन, एकदा पावसाळ्यात जा. फुलं कमी दिसतील, पण झाडाची प्रकृती कळेल.

पान काही तास सतत ओलं राहिलं की काळ्या ठिपक्यांची बुरशी रुजते. पान पिवळं पडून गळतं. एकाच वाफ्यात एक झाड उघडं पडतं, शेजारचं हिरवंगार राहतं. पाऊस सारखाच, फरक जातीचा. माळीबाबांना विचारा, फवारणी केली का? नसेल, तर हिरव्या झाडाच्या जातीचं नाव लिहून घ्या. जर्मनीतल्या एडीआर चाचणीत नवे गुलाब वेगवेगळ्या ठिकाणी तीन वर्षं असेच पारखतात. १९९७पासून तिथे औषध फवारत नाहीत.

बुरशीचे प्रकार मात्र जागोजागी वेगळे असतात. म्हणून हीच पारख आपल्या मोहल्ल्यातल्या अंगणांतही करा. तिथे मुलं खेळतात, पाकळ्या गुलकंदात जातात. विषारी फवारणी नकोच. रोप घेताना फुलाच्या रंगाआधी खालची पानं पाहा.