परदेशी स्टुडिओ आणि धारावी : भाचीस पत्र



पत्रास कारण की, नगरनियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातील आंतरराष्ट्रीय स्टुडिओसाठी नाव नोंदवावे की नाही, याचा निर्णय लवकरच घ्यावयाचा आहे आणि विद्यापीठांची माहितीपत्रके त्यासाठी पुरेशी नाहीत.

नगरनियोजनाच्या शिक्षणात ज्या विषयास स्टुडिओ म्हणतात, त्यात व्याख्याने आणि लेखी परीक्षा यांना गौण स्थान असून, विद्यार्थ्यांचा गट एखादी खरी वस्ती निवडून सत्रभर तिची पाहणी करतो, नकाशे काढतो, आराखडा तयार करतो आणि अखेरीस तो ज्यूरीपुढे, म्हणजे बाहेरून बोलावलेल्या जाणकार परीक्षकांपुढे मांडतो. दोन देशांतील विद्यापीठांनी एकत्र येऊन, किंवा एका देशातील विद्यार्थ्यांनी दुसऱ्या देशातील शहरात जाऊन हेच काम केले, की तो आंतरराष्ट्रीय स्टुडिओ होतो. सत्र काही महिन्यांचे असले तरी वस्तीत घालवलेले दिवस बहुधा थोडेच असतात. उरलेले काम दूरदेशीच्या टेबलावर होते, आणि या पद्धतीचे बहुतेक गुणदोष या विषम वाटणीतूनच उद्भवतात.

आधी पाहणी, मग आराखडा, हा दंडक ज्यांनी आग्रहाने मांडला ते स्कॉटिश विचारवंत पॅट्रिक गेडेस 1919 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नव्या समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. जुनी पेठ सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यापेक्षा गल्लीबोळ पायी फिरून, अगदी आवश्यक तेवढेच पाडावे आणि बाकीचे सुधारावे, असे त्यांचे म्हणणे होते. गेडेसही परकेच होते. परंतु ते भारतात अनेक वर्षे राहिले आणि शहरामागून शहर पाहत गेले, हा फरक विसरून चालणार नाही.

परक्यांनी केलेल्या पाहणीच्या दृष्टीने मुंबईतील धारावी या वस्तीचे उदाहरण फार बोलके आहे. 2004 मध्ये राज्य शासनाने धारावी पुनर्विकास प्रकल्प हाती घेतल्यानंतर तेथे परदेशी विद्यार्थ्यांचे गट आले. स्टॉकहोमच्या रॉयल युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ फाइन आर्ट्समधील अभ्यासातून 2008 साली धारावीवर एक ग्रंथ निघाला. 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या आणि मुंबईच्या सर ज. जी. वास्तुकला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ‘स्पार्क’ या संस्थेच्या सहकार्याने तेथे एकत्र काम केले.

अशा अभ्यासाचे मोल धारावीतील कुंभारवाड्यात स्पष्ट दिसते. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांच्या या वस्तीत घर, कारखाना आणि दुकान अशा वेगळ्या जागा नाहीत; रस्त्याकडील बाजूस विक्री, आत चाक आणि संसार, मागे सामाईक अंगण, त्या अंगणात विटांची भट्टी आणि उन्हात मांडलेली कच्ची मडकी, असा सगळा व्यवहार जमिनीला धरून चालतो. पुनर्विकासाची भाषा मात्र चटई क्षेत्र निर्देशांकाची, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल हे सांगणाऱ्या आकड्याची असते. त्या हिशेबात कुटुंबाच्या वाट्याला उंच इमारतीतील 300 ते 350 चौरस फुटांची सदनिका येते, आणि सातव्या मजल्यावर भट्टी पेटवता येत नाही. घराघरांत जाऊन टेप लावून काढलेला मोजणी नकाशा ही गोष्ट शासकीय टेबलावर निर्विवादपणे मांडू शकतो, आणि परक्या विद्यार्थ्याची ताजी नजर स्थानिकांना नित्याचे वाटणारे तपशीलही टिपते, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु तो नकाशा शेवटी कोणाकडे राहतो? इंग्रजीतील सुबक अहवाल विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेला आणि ज्यांनी दार उघडून माप घेऊ दिले त्यांच्या हाती मराठी, गुजराती, हिंदी किंवा तमिळमधील एक पानही आले नाही, तर तो अभ्यास वस्तीकडून घेतलेले, न फेडलेले ऋण ठरतो. याच्या उलट मार्ग मुंबईतच सिद्ध झालेला आहे. 1985 मध्ये ‘स्पार्क’ने पदपथावर राहणाऱ्यांची गणना त्यांनाच सोबत घेऊन केली, आणि पुढे ‘महिला मिलन’ व ‘नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन’ या संघटनांच्या साथीने स्वगणनेची, म्हणजे वस्तीने स्वतःच स्वतःची मोजदाद करण्याची पद्धत रुजली. ती माहिती घेऊन रहिवासी अधिकाऱ्यांपुढे बसू लागले. परदेशी स्टुडिओने या चालत्या कामाला हातभार लावावा. नव्याने शोध लावल्याचा आव आणू नये.

आणखी एक अन्याय उघडपणे बोलला जात नाही. न्यूयॉर्कचे विद्यार्थी धारावीत सहज येतात. मुंबईच्या विद्यार्थ्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात जाऊन तेथील भाडेकरूंच्या घरांची पाहणी करावी, असे क्वचितच घडते, कारण शुल्क, विमानभाडे आणि व्हिसा आडवे येतात. दोन्ही बाजूंनी प्रवास होईपर्यंत या अभ्यासक्रमांना देवाणघेवाण म्हणणे योग्य नाही.

तेव्हा नाव नोंदवण्यापूर्वी विभागाकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात : स्थानिक महाविद्यालयाचे विद्यार्थी बरोबरीचे भागीदार आहेत की केवळ दुभाषे, वस्तीतील कोणती संघटना विषय ठरवण्यात सहभागी आहे, आणि नकाशे रहिवाशांना त्यांच्या भाषेत केव्हा मिळणार. उत्तरे समाधानकारक असतील तर अवश्य जावे आणि टेप स्वतः धरावी. नसतील तर तेच सत्र आपल्याच शहरातील एखाद्या वस्तीसाठी द्यावे.

 

मामाचे आशीर्वाद