बोजा उजवीकडं कललाय

शुक्रवार पेठेतल्या आमच्या स्टुडिओत घोड्यांचे फोटो हजारोंनी निघतील, पण त्यातलं एकही घोडं मला ओळखता येणार नाही. सगळी वरातीतली. अंगावर झूल, गोंडे, कपाळावर आरशांची पट्टी, वर घामेजलेला नवरदेव आणि पुढं बँजो. वडिलांनी रोलवर काढली, मी डिजिटलवर. एका अल्बममधलं घोडं कापून दुसऱ्यात चिकटवलं तर नवरदेवाच्या आईलाही पत्ता लागणार नाही.

घोडं बघायला मी शिकलो अकलूजच्या बाजारात. दिवाळीच्या सुमाराला तिथं घोडेबाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे येतात. मी गेलो होतो उडती आयाळ आणि मावळता सूर्य टिपायला. एका व्यापाऱ्यानं त्याच्या घोडीचा फोटो मागितला. मी वाइड लेन्स लावून तोंडाजवळ गेलो आणि चांगला नाट्यमय फोटो काढून दिला. त्यानं स्क्रीन दोनदा खालीवर केली. "साहेब, पाय कुठायत?"

बाजारातला फोटो आडवा लागतो. चारी पाय सुटे दिसले पाहिजेत, मान वर, कान पुढं. गिऱ्हाईक तो फोनवर मोठा करून खूर बघतं, गुडघे बघतं, मग अंगावरचे भोवरे शोधतं. गळ्यावरचं देवमण असलं की भाव चढतो; चार पाय आणि कपाळ पांढरं असलं की पंचकल्याणी म्हणून आणखी चढतो. भोवऱ्यांवर माझा विश्वास नाही, पण केसांचं एवढं बारीक वळण दिसावं म्हणून उजेड कुठून घ्यायचा, हे मला त्या भोवऱ्यांनीच शिकवलं. जवळून वाइडनं काढलं की डोकं भोपळ्याएवढं येतं आणि पुठ्ठा मांजराएवढा. वीस पावलं मागं जाऊन, उकिडवं बसून, 200 एमएमवर काढलं की घोडं घोड्यासारखं दिसतं. आणि डोळ्याआधी कान बघायचे. ते मागं चिकटले की बोट शटरवरून काढायचं आणि आपणही बाजूला व्हायचं.

खुडूस फाट्याच्या गोल रिंगणात मात्र बसायला जागा नसते. माउलींच्या पालखीसोबत अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व येतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण त्यावर माउली बसलेली आहे. मोकळ्या पाठीचा फोटो कसा काढायचा, हे मला आजवर जमलेलं नाही. धावत्या घोड्याचं म्हणाल तर जुने चित्रकार त्याचे पुढचे पाय पुढं, मागचे मागं ताणून त्याला हवेत तरंगवायचे. 1878 मध्ये कॅलिफोर्नियात लेलँड स्टॅनफर्डच्या घोड्यांच्या फार्मवर फोटोग्राफर मायब्रिजनं ओळीनं 12 कॅमेरे लावून दाखवलं, की चारी पाय जमिनीवरून सुटतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. कळायला हे सोपं. तरी सेकंदाच्या हजाराव्या भागाचं शटर ठेवूनही बोट ताणलेल्या पायांवरच दाबलं जातं, सवय चित्रांची. अश्व पुढं गेले की लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात. माझे रिंगणातले बरे फोटो त्या मातीचे आहेत, घोडं फ्रेमबाहेर गेल्यावरचे.

पण बाजारातली पाहुणी आणि पालखीतले मानाचे. आमच्या मुलखाचं रोजच्या कामाचं घोडं म्हणजे भीमथडी. राजा बढे यांच्या ज्या गीताला 2023 मध्ये राज्यगीताचा मान मिळाला, त्यात भीमथडीच्या तट्टांचं नाव आहे. शाळेच्या कार्यक्रमांत पोरं ते छाती काढून गातात, मी खाली वाकून त्यांचे फोटो काढतो. त्याच पोरांना रस्त्याकडेनं जाणारं धनगराचं तट्टू दाखवलं तर म्हणतील, गाढव. माझ्या छातीला लागेल एवढं उंच, पोटाला गोल, पायाला चिवट. मराठ्यांच्या घोडदळात हेच होतं. आता पाठीवर पालाच्या काठ्या, वाघर, हंडे, घोंगडी, वर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि मधे खोचलेलं कालचं कोकरू. दिवाळी झाली की धनगरांचे वाडे मेंढरं घेऊन निघतात, वाटेत शेतांत खतासाठी मेंढरं बसवत जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात.

सांगोला तालुक्यात महूदच्या पुढं असाच एक वाडा पहाटे उठत होता. अंधार होता म्हणून मी फ्लॅश मारला. मूर्खपणा. घोडी उधळली, हंडा गडगडला, कोंबड्यांनी सगळं माळरान डोक्यावर घेतलं. म्हाताऱ्या आजी काही बोलल्या नाहीत, घोडीच्या मानेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि ती थांबल्यावर मला म्हणाल्या, "आता दिस उगवंस्तर गप बस." बसलो. उजेड आला तेव्हा घोडी लादून तयार होती, मागं धुरळा, आयाळीच्या कडेला पिवळी रेघ. तो फोटो मी मोठा करून काचेत लावला. स्टुडिओत येणारा प्रत्येक जण त्याच्यासमोर थांबायचा.

वर्षानं त्याची प्रत घेऊन वाड्यावर गेलो. आजींनी फोटो लांब धरला, जवळ धरला.

"बोजा उजवीकडं कललाय. कुणी लादलं हुतं?"

सून चुलीपासून उठून आली. "मी न्हाई, आत्याबाई. त्या दिशी धाकल्यानं लादलं."

"मग पाठ लागली ती तवाच," म्हणत आजी फोटो माझ्या हातात देऊन घोडीकडं गेल्या. खोगिराची जागा बोटांनी चाचपली. तिथं पांढऱ्या केसांचा रुपयाएवढा ठिपका होता. जखम भरल्यावर तिथं केस पांढरे येतात. माझ्या फोटोत ती पाठ कातळासारखी काळी आहे. धाकट्याला हाक गेली, वर्षापूर्वीच्या बोज्यावरून त्याला वर्षानं शिव्या बसल्या आणि मला चहा मिळाला.

गेल्या दिवाळीनंतर पुन्हा तिथंच होतो. तसाच उजेड, तसाच धुरळा, घोडीच्या मागं आता शिंगरू. कॅमेरा डोळ्याला लावला आणि तोंडातून निघून गेलं, "वहिनी, डावीकडचा हंडा जरा वर घ्या." त्या येऊन दोर सोडून पुन्हा आवळेपर्यंत सूर्य वर आला आणि उजेड पांढरा झाला.