नेहमीचे अज्ञात

घरफोडीची बातमी मराठी वर्तमानपत्रांत ठरलेल्या साच्यात येते. अज्ञात चोरट्यांनी कडीकोयंडा तोडला, कपाट उचकटले, ऐवज लांबवला. उर्दू अखबारात त्यांनाच 'नामालूम अफराद' म्हणतात. इटलीतल्या पत्रकारांचाही असाच एक शब्दप्रयोग आहे : 'सोलिती इन्योती', म्हणजे नेहमीचेच अज्ञात. जे अज्ञात आहेत ते नेहमीचे कसे, असा प्रश्न कुणालाही पडावा. तो मारिओ मोनिचेल्ली या दिग्दर्शकाला पडला असावा. १९५८ साली त्याने 'इ सोलिती इन्योती' याच नावाने चोरीवरचा एक विनोदी सिनेमा काढला. इंग्रजीत तो 'बिग डील ऑन मॅडोना स्ट्रीट' या नावाने ओळखला जातो. परभाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी त्याला नामांकनही मिळाले होते.

आमच्या मोहल्ल्यात अज्ञात कुणी नसतो. मोटारसायकल चोरीला गेली की बातमीत 'अज्ञात' छापले जाते आणि दुसऱ्या दिवशी चौकशीला बोलावली जातात ती चार पोरे नेहमीचीच. आमच्या नववीच्या वर्गातल्या एका मुलाच्या थोरल्या भावाला असेच दोन दिवस बसवून ठेवले होते. तिसऱ्या दिवशी गाडी भलत्याच गावात सापडली. मुलगा शाळेत आला तेव्हा त्याचा गृहपाठ झालेला नव्हता. आम्ही विचारले नाही.

म्हणून या सिनेमाचे नावच आधी आम्हाला लागले. सिनेमा नंतर पाहिला. बी.एड.ला आम्ही तिघे एकत्र होतो. नोकरी नव्हती, वेळ भरपूर होता, आणि आमच्यातल्या एकाकडे जुना लॅपटॉप होता. त्याच्या खोलीत, शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात, खाली उमटणारी इंग्रजी वाक्ये वाचत आम्ही तो पाहिला. उर्दू माध्यमातली माणसे आम्ही. इंग्रजी वाचायला वेळ लागे. एक जण मोठ्याने वाचे, दुसरा अर्थ सांगे, आणि तोवर विनोद पुढे निघून गेलेला असे. तरी हसून हसून पोट दुखले.

त्याच्या तीन वर्षे आधी, १९५५ साली, ज्यूल्स डॅसिन याचा 'रिफिफी' आला होता. त्यातली चोरी सुमारे अर्धा तास चालते आणि त्या अर्ध्या तासात एक शब्दही बोलला जात नाही. चोर कसले, शल्यविशारदच. मोनिचेल्लीने त्या चोरांची नक्कल केली, पण आपल्या चोरांच्या हातातले कसब काढून घेतले. त्याचे चोर अखंड बोलतात, भांडतात, उशिरा येतात. एक तर मूल कडेवर घेऊन येतो.

हा तिबेरिओ. मार्चेल्लो मास्त्रोयान्नीने त्याचे काम केले आहे. धंद्याने फोटोग्राफर, पण कॅमेरा विकून बसलेला. बायको चोरट्या सिगारेटी विकल्याबद्दल तुरुंगात, आणि तान्हे मूल याच्या गळ्यात. तिजोरी उघडताना लांबून चित्रण करता यावे म्हणून हा हाताला खोटे प्लास्टर बांधून बाजारातून कॅमेरा चोरतो. नंतर बाजारवाले त्याला गाठतात आणि तोच हात खरोखर मोडतात. मग पुढचा सगळा सिनेमाभर खरे प्लास्टर. चित्रण पडद्यावर पाहायला सगळे जमतात, तर ऐन मोक्याला वाळत घातलेले कपडे आड येतात.

पेप्पे हा पडेल मुष्टियोद्धा, एका ठोशात आडवा होणारा. व्हित्तोरिओ गासमन तोवर रंगभूमीवरचा गंभीर, भारदस्त नट. विनोदी कामात त्याला घ्यायला निर्माते राजी नव्हते. मोनिचेल्लीने हट्ट धरला, त्याचा चेहरा रंगभूषेने बदलला, जीभ अडखळती केली. मारिओ अनाथाश्रमात वाढलेला. तिथल्या तीन बायका त्याच्या तीन आया. कापान्नेल्ले म्हातारा आणि सदा भुकेला. तो कुठल्याही प्रसंगात काहीतरी चघळतच असतो. तिजोरीची विद्या शिकवायला तोतो हा इटलीचा थोर विनोदी नट येतो. गच्चीवर धड्याची मांडणी अशी चोख, की बी.एड.च्या पाठनिरीक्षकाने पूर्ण गुण द्यावेत.

योजना मूळची कोझिमोची. तो तुरुंगात अडकलेला, म्हणून त्याच्या गुन्ह्याची कबुली देऊन आत जाईल असा कोरा माणूस हवा. पेप्पे तयार होतो, पण न्यायालय त्याच्यावर विश्वास ठेवत नाही आणि दोघेही आत जातात. तिथे तो कोझिमोकडून बेत काढून घेतो आणि स्वतः सुटतो. पुढे कोझिमोही सुटतो. एकट्याने ते गहाणखाते लुटायला पिस्तूल घेऊन जातो, तर खिडकीवरचा कारकून शांतपणे पिस्तूल हातात घेतो आणि गहाण ठेवल्यास किती मिळतील ते सांगू लागतो. गरीब माणसाच्या हातात शस्त्र जरी असले तरी ते गहाणच पडायचे, हे त्या कारकुनाला सवयीने माहीत आहे. थोड्याच वेळाने एका बाईची पर्स हिसकावून पळताना कोझिमो ट्रामखाली येऊन मरतो. हसत्या सिनेमात खरे मरण. अंत्ययात्रेत हे सगळे मिळेल त्या कपड्यांत उभे असतात. ज्याला फसवले त्याच्याच मय्यतीला आलेले दोस्त! आमच्यातल्या एकाने तिथे लॅपटॉप थांबवला. म्हणाला, आपल्याकडे तरी काय वेगळे असते?

फेर्रिबोत्ते सिसिलीचा. मुख्य भूमी आणि सिसिली यांच्यामधली खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीवरून त्याचे नाव पडले. हे काम करणारा तिबेरिओ मुर्जा मुळात सार्डिनियाचा. मोनिचेल्लीच्या नजरेस पडला तेव्हा तो रोममधल्या एका खाणावळीत भांडी घासत होता. आवाज त्याला दुसऱ्याचा दिला. म्हातारा कापान्नेल्ले नेपल्सचा, त्याच्या तोंडी बोली बोलोन्याची. या विनोदाच्या पाठीमागे त्या काळची एक मोठी हकीकत आहे. दक्षिणेतून लाखो माणसे उत्तरेच्या शहरांकडे चालली होती, आणि मुसोलिनीच्या राजवटीतला १९३९ चा एक कायदा तेव्हाही लागू होता. त्याप्रमाणे शहरात रहिवासी म्हणून नोंद व्हायला काम दाखवावे लागे आणि काम मिळायला ती नोंद लागे. हा कायदा १९६१ साली रद्द झाला. म्हणजे सिनेमा आला तेव्हा आपल्याच देशात आपल्याच राजधानीत कागदाअभावी 'अज्ञात' असलेली माणसे रस्त्यावर होती. दाखल्यासाठी खिडक्या-खिडक्यांतून फिरलेल्या वाचकाला आम्ही वेगळे काय सांगावे?

याच फेर्रिबोत्तेने आपली बहीण कार्मेलिना घरात कोंडून ठेवली आहे. तिच्या लग्नासाठी पैसा हवा, म्हणून तो चोरीत सामील झालेला. बाहेर जाताना कुलूप लावून जातो. क्लाउदिया कार्दिनाले तेव्हा नवी होती; ट्यूनिस शहरात जन्मलेली, इटालियन नीट येत नसल्याने तिलाही आवाज दुसरीचा. पहिल्यांदा पाहताना त्या कुलपावर आम्ही तिघेही मनसोक्त हसलो. दुसऱ्या वेळी आमची धाकटी बहीण दारात उभी राहून पाहत होती. ती हसली नाही. "भाईजान, ये तो हमारे पिछाडी के घर का किस्सा है," एवढेच म्हणाली आणि आत गेली. खरेच होते. त्या घरातल्या मुलीची दहावीनंतर शाळा सुटली होती, आणि तिचा भाऊ रात्रभर नाक्यावर बसलेला असे.

पुरुषांच्या दोस्तीचे सिनेमे आम्हाला प्रिय आहेत, पण यांतल्या बहुतेकांत दोस्तीचा खर्च बायकाच उचलतात. मोनिचेल्ली ते लपवत नाही. बायको तुरुंगात, बहीण कुलपात, तीन आया पोराच्या काळजीत. ज्या घराची भिंत फोडायची तिथल्या मोलकरणीला, निकोलेत्ताला, पेप्पे चावीसाठी जाळ्यात ओढतो. ती चावी देतेही. पण ऐनवेळी त्याच्याने ते होत नाही. तिची नोकरी जाईल, आळ येईल, म्हणून तो चावी परत करतो आणि सगळे कोळशाच्या भुयारातून खरडत आत शिरतात. मारिओ तर कार्मेलिनासाठी टोळीच सोडतो. सिनेमातली खरी मर्दानगी आम्हाला या दोन ठिकाणी दिसली.

चोरीच्या रात्री भिंत फुटते. पलीकडे तिजोरी नसते, त्याच घराचे स्वयंपाकघर असते. सामानाची जागा बदललेली असल्याने यांनी भलतीच भिंत फोडली. आता पळावे की नाही? चुलीवर हरभरे घातलेला पास्ता तयार आहे. ते बसतात आणि जेवतात. त्या जेवणात एकमेकांवर उखडणे नाही, कुणाचा दोष काढणे नाही. चव बरी आहे, काय घातले असेल, अशा गप्पा.  एका भांड्याभोवती बसलेली ही माणसे पाहिल्यावर 'दोस्ती' या शब्दाची गरजही राहत नाही. इटालो काल्व्हिनो यांच्या एका कथेत मिठाईच्या दुकानात शिरलेले चोर मिठाईवर तुटून पडतात, तिथून हा धागा आला म्हणतात. पण काल्व्हिनोचे चोर अधाशी आहेत, मोनिचेल्लीचे नुसते भुकेले. सकाळी वर्तमानपत्रात बातमी : अज्ञात चोरट्यांनी पास्ता आणि हरभरे खाल्ले.

पहाटे सगळे पांगतात. पेप्पे आणि कापान्नेल्ले चालत असताना मजुरांच्या गर्दीत सापडतात. कामासाठी फाटकापाशी रेटारेटी चाललेली. गर्दी पेप्पेला उचलून आत नेते. म्हातारा बाहेरून ओरडून सांगतो की आत गेलास तर काम करायला लावतील.

हा शेवट सुखाचा की दुःखाचा, यावर आमचे तिघांचे कधी जमले नाही. राज्यात २०१२ साली शिक्षकभरती बंद झाली, आणि २०१७ च्या डिसेंबरात अभियोग्यता चाचणी होईपर्यंत आमच्यासारखे बी.एड.वाले फाटकाबाहेरच उभे होते. शिकवण्या घेतल्या, मागावर कांड्या भरल्या, लग्नपत्रिका छापल्या. त्या दिवसांत गर्दीने उचलून आत टाकलेला पेप्पे आम्हाला भाग्यवान वाटे. आमचा एक सोबती आता आमच्यासारखाच मास्तर आहे. तो म्हणतो, चोरी करताना पेप्पे निदान स्वतःच्या मर्जीचा मालक होता. तिसरा परीक्षेत राहिला. त्याने दुकानात हिशेब लिहायला घेतला तो आजही लिहितो. गेल्या ईदला आम्ही पुन्हा याच विषयावर आलो, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, तुम्ही दोघे पेप्पेचेच बोलता. तो म्हातारा कामाला घाबरून बाहेर राहिला असे समजून सगळे हसतात. अरे, त्या वयाच्या माणसाला आत घेतले असते कुणी?