ज्याची त्याची कॉफी

मराठी घरात चहा सगळ्यांचा असतो आणि कॉफी ज्याची त्याची. सकाळी चहाचं आधण ठेवणारं माणूस घरातली डोकी मोजतं, तेवढे कप पाणी पातेल्यात ओततं, आणि मग आलं, साखर, पावडर, दूध यांचं जे काही व्हायचं ते सगळ्यांचं एकदमच होतं. फार तर एखाद्याचा बिनसाखरेचा आधी काढून ठेवतात. कॉफीचं तसं नाही. कॉफी करण्याआधी विचारावंच लागतं. नुसत्या दुधाची करू की थोडं पाणी घालू? जायफळ चालेल ना? साखर किती? ज्या घरात हे प्रश्न ऐकू येत नाहीत, तिथे करणाऱ्याला सगळ्यांची उत्तरं पाठ झालेली असतात.

आमच्या घरात आजीची कॉफी निव्वळ दुधाची. पाण्याचा थेंब नाही. दूध मंद आचेवर तापवायचं, सायीचा पापुद्रा धरू लागला की साखर, मग चमच्याच्या टोकावर राहील एवढीच कॉफी आणि वरून जायफळ. रंग बदामी आला पाहिजे; त्याहून गडद झाली की आजी कप हातात घेते, पण पहिला घोट घ्यायला वेळ लावते. वडिलांची याच्या अगदी उलट. पाणी जास्त, दूध रंगापुरतं, आणि कप आधी गरम पाण्यानं विसळलेला. काकूची कॉफी एकादशीची आणि चतुर्थीची. एरवी ती चहाची. उपासाला मात्र वेलदोडा घातलेली कॉफी. भाची काळी पिते, दूध-साखर दोन्ही वर्ज्य. एकाच ओट्यावर एकामागून एक हे सगळे कप भरले जातात, आणि कोणता कप कुणाचा हे सांगावं लागत नाही. रंगावरूनच कळतं.

चहा घड्याळाला बांधलेला आहे. सकाळचा, चारचा, पाहुणे आले की लगेचचा. कॉफीला ठरलेली वेळ नसते, तिला निमित्त लागतं. जूनच्या पहिल्या सरीत चिंब होऊन कुणी दारात आलं की कॉफी. ताप उतरला, तोंडाला चव नाही, पण काहीतरी गरम हवंय, तेव्हा कॉफी. दहावी-बारावीच्या अभ्यासाला बसलेल्या मुलाच्या टेबलावर रात्री अकराला न बोलता ठेवला जाणारा कप कॉफीचाच असतो. श्रावणातल्या मंगळागौरीच्या जागरणात झिम्मा, फुगड्या, पिंगा घालून मुली दमल्या की मध्यरात्रीनंतर मोठ्या पातेल्यात दूध चढतं आणि सगळं घर जायफळाच्या वासानं भरून जातं. पुण्यात १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या बैठका पूर्वी रात्रभर चालत. तेव्हा घरोघरचे रसिक शाल, सतरंजी आणि कॉफीचा थर्मास घेऊन मंडपात शिरत. पहाटेच्या थंडीत थर्मासच्या झाकणातून शेजारच्या अनोळखी माणसापुढे चार घोट धरले जात, आणि तो संकोच न करता घेई.

या सगळ्या निमित्तांत एक धागा आहे. कुणीतरी जागं आहे आणि त्याच्यासाठी आणखी कुणीतरी जागं राहिलं आहे. दवाखान्यात आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढणाऱ्यासाठी घरून थर्मास भरून पाठवतात, त्यातही बहुधा कॉफीच असते. मला आमच्या घरगुती कॉफीचं मोल वाटतं ते यामुळे. तिच्यात साथ आहे.

ही कॉफी आमच्याकडे आली तेव्हा तिची कृती आजच्याहून वेगळी होती. मुंबईत पेस्तनजी एदलजी यांनी १८८८ साली कॉफी भाजून दळण्याचा व्यवसाय सुरू केला. पुढे तो पोल्सन या नावानं घरोघर पोहोचला. पोल्सनचं लोणी अजून पुष्कळांच्या बोलण्यात येतं, पण जुन्या मंडळींना त्यांची डब्यातली कॉफीही आठवते. ती चिकोरी मिसळलेली असे. पातेल्यात पाणी खळखळलं की ते खाली उतरवायचं, त्यात पूड टाकायची, एकदा ढवळून वर झाकण ठेवायचं आणि हात लावायचा नाही. पूड हळूहळू तळाशी बसते. मग वरचं पाणी मलमलीच्या फडक्यातून गाळून घ्यायचं. कॉफी चहासारखी उकळत ठेवली की तिचा सुवास वाफेबरोबर निघून जातो आणि मागे कडूपणा राहतो. घरातल्या बायकांना हे अनुभवानं ठाऊक होतं. म्हणून झाकणाला एवढा मान.

चिकोरीला आजकाल नावं ठेवली जातात. ती एका वनस्पतीच्या मुळांची भाजून केलेली पूड. आपल्याकडे गुजरात आणि उत्तर प्रदेशात तिची शेती होते. तिच्यात कॅफीन नसतं. कॉफीत ती मिसळली जाते तशी किंमत उतरते, हे खरंच. पण ती रंग देते, दाटपणा देते, आणि भरपूर दुधातही टिकून राहणारा एक गोडसर कडवटपणा देते. आजीच्या दुधाच्या कॉफीत निव्वळ कॉफीची चिमूट हरवून जाते. चिकोरीची साथ असली की तीच चिमूट कपभर दुधाला पुरते. दुधाच्या कॉफीत चिकोरी ही भेसळ नसून तिच्या चवीचा भाग आहे, असं माझं ठाम मत आहे.

आणि जायफळ. मराठी कॉफीची खूण कुठली असं कुणी विचारलं, तर ही एकच सांगता येईल. जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं, पण कोकणानं त्याला आपलं केलं. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रानं आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठानं नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, लवंग, काळी मिरी अशी मसाल्याची पिकं घेण्याची पद्धत शेतकऱ्यांना दाखवली. दापोलीनं जायफळाच्या कोकण सुगंधा, कोकण स्वाद अशा जातीही दिल्या. जायफळात सहसा नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि नराला फळ धरत नाही. बी लावून वाढवलेलं झाड नर की मादी हे फुलं येईपर्यंत कळत नाही, त्यात काही वर्षं जातात. म्हणून कलमांना महत्त्व. फळ पिकलं की आपोआप उकलतं. आत काळपट बी आणि तिच्याभोवती लालभडक जाळी. ती जाळी म्हणजे जायपत्री. फळाच्या टरफलाचंही कोकणात लोणचं आणि सरबत होतं. बी वाळवून फोडली की आतला गर निघतो, तोच आपल्या डब्यातलं जायफळ. आडवं कापून पाहिलं तर आत फिक्या आणि तपकिरी रेषांची सुरेख नक्षी दिसते.

या नक्षीतच त्याचं तेल असतं, आणि ते उडून जाणारं असतं. म्हणून जायफळाची तयार पूड बाटलीत भरून ठेवू नये. अख्खं जायफळ ठेवावं, हवं तेव्हा बारीक किसणीवर दोन-तीनदा फिरवावं किंवा सहाणेवर दुधाच्या थेंबात उगाळावं, आणि आच बंद केल्यावरच कॉफीत घालावं. उकळत्या दुधात आधी घातलं तर वास स्वयंपाकघरात पसरतो आणि कप कोरडा राहतो. प्रमाण मात्र चिमटीतच हवं. जायफळ जास्त झालं की जिभेवर तुरट, उग्र चव रेंगाळते, आणि फार जास्त तर ते बाधतंही. आपल्याकडे बाळगुटीतही ते सहाणेवरच्या एखाद-दुसऱ्या वळशाएवढंच असतं, यात पिढ्यांचं शहाणपण आहे.

रात्रीच्या कॉफीत जायफळ आलं कसं, याचा मी पुष्कळदा विचार करते. झोप येत नसेल तर दुधात जायफळ उगाळून द्यायचं, हा घरगुती उपाय. कॉफी तर झोप घालवणारी. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे यानं १८१९ साली कॉफीतून कॅफीन वेगळं काढलं. दिवसभराच्या श्रमानं मेंदूत साठणारा, झोपेची जाणीव करून देणारा अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ असतो, आणि कॅफीन त्याची वाट अडवतं, हे नंतर कळलं. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे रात्री नऊच्या कडक कॉफीचा अर्धा अंमल पहाटे दोनलाही असतोच. आजीची चमच्याच्या टोकावरची कॉफी या हिशेबात अगदी चपखल बसते. तिला कॉफीचा वास हवा असतो, दुधाचा आधार हवा असतो आणि झोपही हवी असते. तिचं प्रमाण या तिन्हींची सोय लावतं.

झटपट कॉफी आली आणि फडकं, झाकण, गाळ यांची गरज संपली. नेसकॅफे स्वित्झर्लंडमध्ये १९३८ साली बाजारात आली. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात ती पुढच्या काही दशकांत स्थिरावली, आणि ब्रूसुद्धा. तरी आमच्या घरांनी त्या झटपट कॉफीलाही झटपट राहू दिलं नाही. कपात एक चमचा कॉफी, दोन चमचे साखर, पाण्याचे मोजके थेंब, आणि मग चमच्यानं फेटत बसायचं. आधी चिकट काळं मिश्रण, मग तपकिरी, मग फिकट होत होत मलईसारखं. साखरेनं पाक दाट होतो आणि फेटताना शिरलेली हवा त्यात अडकून राहते. वरून कढत दूध ओतलं की तो फेस कपाच्या तोंडाशी येऊन थांबतो. रविवारी संध्याकाळी घरातल्या मुलांकडे हे फेटण्याचं काम यायचं. कुणाचा फेस जास्त पांढरा, यावर पैजा लागायच्या. ओट्याशी उभं राहून मुलांना जमेल असं स्वयंपाकातलं ते पहिलं काम होतं, आणि मुलगे-मुली दोघंही ते करत.

मुंबईत माटुंग्याच्या आसपास ज्यांचं बालपण गेलं, त्यांना फिल्टरची कॉफी शेजारघरातून मिळाली. तमिळ आणि कन्नड शेजारणींकडे पितळेचा नाहीतर स्टीलचा दोन मजली फिल्टर असे. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक भोकं, त्यात पूड, वर दांडीची जाळीदार चकती, त्यावर कढत पाणी. खालच्या भांड्यात थेंबथेंब उतरणारा अर्क रात्रीच लावून ठेवायचा, की सकाळी नुसतं दूध तापवलं तरी पुरे. दुकानात बिया समोर दळून मिळत. बियांचा प्रकार आणि चिकोरीचं प्रमाण गिऱ्हाइकानं सांगायचं. तिथेही पुन्हा ज्याची त्याची कॉफी आलीच.

भाचीची काळी कॉफी याच बियांकडे परत गेलेली आहे. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी यात्रेहून येताना येमेनमधून सात बिया आणल्या आणि चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. तो डोंगर आजही त्यांच्याच नावानं ओळखला जातो. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी आज कर्नाटकात पिकते, बहुतांशी मोठ्या झाडांच्या सावलीत, त्याच झाडांवर मिरीचे वेल चढवून. भाची पाकिटावर भाजल्याची तारीख बघते, अरेबिका की रोबस्टा ते बघते, मळ्याचं नाव वाचते. रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं, हे तिनंच आम्हांला सांगितलं. जायफळानं बियांची मूळ चव झाकली जाते, असं ती म्हणते. आजी म्हणते, बिनदुधाची कॉफी म्हणजे औषध. मला दोघींचंही पटतं. ताज्या, हलक्या भाजलेल्या बियांच्या काळ्या कॉफीत जायफळाचं काही काम नाही, आणि दुधाच्या, चिकोरीच्या, रात्रीच्या कॉफीला त्याच्यावाचून पूर्णता नाही. या दोन वेगळ्या कॉफ्या आहेत. एकीची थोरवी सांगण्यासाठी दुसरीला कमी लेखण्याचं कारण नाही.

आज शहरांतून कॉफीची नवी नवी दुकानं निघतात, तिथल्या पाट्यांवर इटलीपासून कुंभकोणमपर्यंतच्या कॉफ्यांची नावं असतात. आपली जायफळाची दुधाची कॉफी तिथे क्वचितच दिसते. ती घरातच राहिली, आणि तिची कृती लिहिली न जाता हातातून हातात गेली. हात थकले की ती जाईल, ही भीती मला खरी वाटते. म्हणून वाचकांना एक मनापासूनचं मागणं आहे. अख्खं जायफळ आणा, कोकणातलं मिळालं तर उत्तमच. घरातल्या मोठ्या माणसाजवळ उभे राहून त्यांच्या हातची कॉफी एकदा नीट पाहून घ्या. दूध कधी उतरवलं, पूड किती, किसणी किती वेळा फिरली, तेही पाहा. पुरुषांनी आणि मुलग्यांनी तर ती आवर्जून शिकावी. आणि शिकून झाल्यावर पहिला कप त्याच माणसाला द्यावा, ज्यानं आजवर सगळ्यांच्या कॉफ्या लक्षात ठेवल्या आणि स्वतःची नेहमी शेवटी, उरलेल्या दुधात केली.