पायाच्या खड्ड्यातली माती

दिवाळीची सुट्टी संपली की चौथीच्या वर्गात एकच विषय असतो. "बाई, सहल कुठं?" मागून कुणीतरी वॉटर पार्क म्हणतं, कुणी मेट्रो. मेट्रोची मला गंमत वाटते. नोव्हेंबर २०२३मध्ये बेलापूर ते पेंधर गाडी सुरू झाली, आमच्या ओवे गावातली पोरं तिचे खांब उभे राहताना बघत मोठी झाली, आणि तरी वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांनी तिच्यात पाय ठेवलेला नव्हता.

आमच्या वर्गात आगऱ्यांची पोरं आहेत, तळोजा एमआयडीसीत कामाला असलेल्यांची आहेत, आणि बांधकामांवर राहणाऱ्यांची आहेत. ही तिसरी पोरं जूनमध्ये दाखल होतात आणि इमारत उभी राहिली की दाखला मागायला येतात. त्यांना वॉटर पार्कचे पैसे मागायचे कसे? मी कर्नाळा आणि तारा असा बेत मांडला. एसटी शालेय सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत देते, त्यावर सगळं बसवलं. संमतीपत्रं, विद्यार्थ्यांची यादी, परवानगीचं पत्र, प्रथमोपचार पेटी, उलटीच्या पिशव्या. २०१६च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेले कॉलेजचे विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून सहल म्हटलं की मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न "तिथं पाणी आहे का?" हाच असतो. त्यांचं चुकतं असंही नाही.

मी स्वतः मात्र एक चूक केली. रात्री जागून 'माझी क्षेत्रभेट' नावाची प्रश्नपत्रिका तयार केली. बारा प्रश्न, रिकाम्या जागा, जोड्या लावा. अडतीस झेरॉक्स काढल्या आणि वर पुठ्ठ्याचे पॅडही वाटले.

कर्नाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पक्षी अभयारण्यात अडतीस पोरं शिरली की पक्षी दुसऱ्या तालुक्यात जातात. आम्हाला माकडं दिसली. किल्ल्याचा सुळका बसमधूनच दिसला होता. तो बेसॉल्टचा आहे, त्याला लोक अंगठा म्हणतात, हे मी सांगत होते, तेवढ्यात एकजण ओरडला, "बाई, डोंगर लाइक करतोय!" मग सगळी बस तिकडे अंगठे दाखवायला लागली. प्रश्नपत्रिकेत सुळक्यावर एक प्रश्न होता. 'सुळका कशासारखा दिसतो?' बहुतेकांनी 'लाइक' लिहिलं. मला अर्धा मार्क कापावासा वाटला होता, हे आज सांगायला लाज वाटते.

तिथून पुढे गोवा हायवेवर तारा गाव लागतं. तिथं युसुफ मेहेरअली सेंटर आहे, १९६१पासूनचं. 'क्विट इंडिया' ही घोषणा ज्यांनी सुचवली, ते मुंबईचे महापौर मेहेरअली, त्यांच्या नावाचं. तेलघाणा, साबण, कुंभारकाम असे उद्योग तिथं चालतात. घाण्यापाशी शेंगदाण्याचा ऊन ऊन वास होता. पेंडेचा तुकडा हातात आला तेव्हा पोरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तो तोंडात टाकला.

कुंभारदादांनी चाक फिरवलं. मातीचा गोळा मधोमध बसला, अंगठा आत गेला, काठ वर यायला लागला. आणि माझ्यासमोर अडतीस माना खाली. 'प्रश्न ७ : चाकावर काम करताना कुंभार कोणकोणती साधनं वापरतो?' पुढचा मागच्याला सांगतोय, मागचा खोडरबर मागतोय. दादांनी दोऱ्यानं मडकं कापून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "पोरांनो, वर बघा की जरा. मडकं होऊनसुद्धा गेलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डी.एड.ला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यावर मी टिपा लिहिल्या होत्या. १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र, १९५७मध्ये कोसबाडच्या टेकडीवर, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, कुरणात गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा. सगळं तोंडपाठ. कृतीतून शिक्षण हा विषय मी घोकंपट्टी करून पास झालेली बाई.

पॅड गोळा केले, बसमध्ये टाकले. दादांना विनंती केली, पुन्हा एकदा दाखवा. मग त्यांनी मुलांना एकेक गोळा दिला.

आमच्याकडे एका बांधकामावरच्या वॉचमनचा मुलगा होता. जुलैत आला होता, हजेरीपुरता बोलायचा. त्यानं गोळा दाबला, नाकाशी नेला, बोटांत चोळला आणि मला म्हणाला, "बाई, ही आमच्या इथंपण आहे. खड्ड्यात."

सोमवारी तो सिमेंटच्या रिकाम्या गोणीत ती माती घेऊन आला. त्याच्या बापानं ती पाठीवरून शाळेच्या फाटकापर्यंत आणून दिली होती. काळपट, चिकट, ओली. पायासाठी खोदलेल्या खड्ड्यात वरच्या भरावाखाली तिचा थर होता. वर्गात वर्तमानपत्रं अंथरून आम्ही पणत्या, वाट्या, एक हत्ती आणि बऱ्याच ओळखू न येणाऱ्या वस्तू केल्या. दोन दिवसांत सगळ्यांना तडे गेले. हत्तीची सोंड पडली.

सोंड पडली त्याच दिवशी गावातल्या एका मुलीची आजी तिला न्यायला आली होती. दारातल्या गोणीपाशी थांबली, वाकून चिमूटभर माती घेतली. म्हणाली, "ही त आमचे शेतानची माती." मी म्हटलं, आजी, ही बिल्डिंगच्या खड्ड्यातली आहे. "तेच सांगतंय. बिल्डिंग कुठं हाय? आमचे शेतान."

मग ती खुर्चीवर बसली आणि तो तास तिचाच झाला. लावणीला पाय गुडघाभर कसा रुतायचा, बांधावरून चालताना घसरलं की सासू कशी हसायची. नवी मुंबई वसवायला सिडको १९७०ला आली, मग जमिनी गेल्या. १९८४च्या जानेवारीत जासईला मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, त्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे गावंच्या गावं उभी होती. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के जमीन परत, हा आकडा आमच्या वर्गातल्या आगरी पोरांना पाढ्यांच्या आधी माहीत असतो. त्या दिवशी बाकीच्यांनाही कळला. एकानं विचारलं, साडेबारा म्हणजे शंभरातले किती? फळ्यावर चौकोन काढला, आठ भाग केले, एक रंगवला. शेकडेवारी चौथीला नसते.

आजीनं जाता जाता तड्यांचं कारणही सांगितलं. नुसती चिकण माती सुकताना आकसते आणि फुटते, तिच्यात राख घाला, तूस घाला. चुलीच्या मातीला तिची आई घालायची. राख ओवे कॅम्पातल्या एका चहावाल्याकडून आली; तूस मिळालं नाही, म्हणून बारीक वाळू घातली. दुसऱ्या खेपेला तडे थोडक्यांना गेले.

भाजण्याचा कार्यक्रम आजीच्याच परसात केला. खाली गोवऱ्या, मध्ये भांडी, वर पेंढा आणि पुन्हा गोवऱ्या. धूर इतका झाला की शेजारच्या सोसायटीतून एकजण विचारायला आले. त्यांना बसायला खुर्ची दिली, ते शेवटपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी राख उकरली. एकतीस वस्तू ठेवल्या होत्या, धड निघाल्या नऊ. उरलेल्यांचे तुकडे. ज्याची फुटली त्यानं रडायचं आणि ज्याची निघाली त्यानं ती कुणाला हात लावू द्यायची नाही, असा अर्धा तास गेला.

मग बादलीत पाणी घेतलं. एक कच्ची वाटी सोडली, एक भाजलेली. सगळे बादलीभोवती उकिडवे. कच्च्या वाटीच्या काठावरून आधी बारीक बुडबुडे सुटले, मग काठ पापुद्र्यासारखा खाली आला, मग वाटी बसली. विरघळली नाही, बसली. दमलेलं माणूस बसतं तशी. पाच-सात मिनिटांत तळाशी चिखल. भाजलेली तशीच्या तशी. कुणीही काहीही लिहून घेत नव्हतं.

"बाई, हिची परत माती होईल?" वॉचमनच्या मुलानं भाजलेल्या वाटीकडे बोट दाखवलं. मी सांगितलं, माती वाळते तेव्हा वरवरचं पाणी जातं, भिजवली की ते परत येतं. पण पाचशे-सहाशे अंशांपुढे तापली की आत घट्ट बांधलेलं पाणीसुद्धा निघून जातं, मग ती भिजवून पुन्हा मऊ होत नाही. "फोडली तर?" फोडली तर खापरी. "कुटली तर?" कुटली तर भुकटी. "पण लावणी नाही होणार." नाही, म्हटलं, लावणी नाही होणार. आजी पेंढ्याच्या काड्या गोळा करत होती, ती काही बोलली नाही.

नऊ वस्तू मी खिडकीत मांडल्या. शिक्षण विभागातून भेटीला आलेल्यांनी सहलीचा अहवाल मागितला तेव्हा माझ्याकडे अर्धवट भरलेल्या अडतीस प्रश्नपत्रिका होत्या. त्याच जोडल्या. खिडकीकडे त्यांनी पाहिलं आणि हस्तकलेच्या तासाचं काम का, असं विचारलं. मी हो म्हटलं. सगळं सांगत बसले असते तर मधली सुट्टी गेली असती.

मार्चमध्ये गोणी संपली. वॉचमनच्या मुलाला म्हटलं, बाबांना सांग, अजून एक घमेलं मिळेल का, पुढच्या चौथीसाठी ठेवू. दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या हातानं आला. खड्ड्यात काँक्रीट ओतलं होतं.

"पण बाई," तो म्हणाला, "मेट्रोच्या पलीकडं नवीन खोदतायत. मी बघून येतो."