अक्षराचे आसन

मनुष्य नावाने ओळखला जातो, अक्षर आकाराने. परंतु संगणकास नाव कळत नाही, आकारही कळत नाही. त्यास केवळ संख्या कळते. आपण ‘क’ लिहिला की तो २३२५ हा क्रमांक जपून ठेवतो आणि वाचणाऱ्यापुढे मांडताना त्याचा पुन्हा ‘क’ करतो. जगातील लिप्यांना असे क्रमांक देणाऱ्या योजनेस युनिकोड म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली व तीत देवनागरी आणि गुजराती या दोन्ही लिप्यांना स्थान मिळाले.

विद्यार्थिमित्रहो, विषय रुक्ष वाटेल. पण सुरतेत राहून मराठी शिकणाऱ्या आपणां सर्वांशी त्याचा निकटचा संबंध आहे. माझी मातृभाषा कोंकणी, शिकविण्याची भाषा मराठी आणि बाजारातील गुजराती. कोंकणीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र. मराठीत ‘दऱ्या’ म्हणजे अनेक दरी. पहिल्या शब्दात र माथ्यावर चढून रफार होतो. दुसऱ्यात तो ‘य’च्या डावीकडे आडवा विसावतो. एवढ्या लहान चिन्हाकडे दुर्लक्ष केले, तर सह्याद्रीच्या कुशीत समुद्र येऊन उभा राहतो!

एका स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत आम्ही आचाऱ्यांचे आभार मानले होते. छापून आले ‘आचार्यांचे’. गुजरातेत मुख्याध्यापकांस आचार्य म्हणतात. तेव्हा पुरी-भाजीचे सारे श्रेय त्यांच्या पदरी पडले. सारे हसले. परंतु भल्या पहाटेपासून चुलीपुढे घाम गाळणाऱ्यांचे आभार मात्र राहूनच गेले.

असे का होते? देवनागरीत साध्या ‘र’चा क्रमांक २३५२ आहे. त्याला हलन्तचिन्ह आणि ‘य’ जोडला की ‘र्य’ होतो. ‘ऱ्य’साठी त्याच्या शेजारचा २३५३ क्रमांकाचा ‘ऱ’ घ्यावा लागतो. गुजराती लिपीचा तक्ता देवनागरीच्याच धर्तीवर मांडलेला आहे. तिथे ‘र’ २७३६व्या आसनावर आहे; शेजारचे २७३७वे आसन मात्र रिकामे आहे. यात गुजरातीचे काही उणे नाही. तिला त्या अक्षराची गरजच पडली नाही. आपल्याला पडते. आपले आसन मांडलेले असून त्यावर अक्षरास बसविण्याचा आळस आपण केला, तर दोष कोणाचा?

इतरांना हे आसन सहज लाभले नाही. अमेरिकेतील चेरोकी लोकांसाठी सेक्वोया या त्यांच्याच बांधवाने १८२१च्या सुमारास अवयवाक्षरांची लिपी सिद्ध केली; युनिकोडमध्ये तिला १९९९ साली स्थान मिळाले. कॅनडातील आदिवासी भाषांच्या लिपीलाही त्याच वर्षी मिळाले. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी संथाळीसाठी निर्मिलेली ओल चिकी २००८ साली आली. त्याच वर्षी मराठीच्या ‘ॲ’लाही स्वतंत्र क्रमांक लाभला. ज्या मोडीत आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके हिशेब आणि पत्रे लिहिली, ती २०१४ साली आली. लिपीस क्रमांक मागताना ती वापरली गेल्याचे लिखित पुरावे दाखवावे लागतात. म्हणजे कोणीतरी जुने कागद जपले, म्हणूनच ही दारे उघडली.

म्हणून पालकांना विनंती, की घरातील जुन्या पेटीत मोडीचे कागद असतील तर ते रद्दीत घालू नका, मुलांना दाखवा. आणि विद्यार्थ्यांनो, घरी पत्र लिहिताना, मग ते भ्रमणध्वनीवर का असेना, ‘ऱ’, हलन्तचिन्ह आणि ‘य’ या क्रमाने ‘ऱ्य’ लिहिण्याची सवय लावून घ्या. परमुलखात भाषा टिकते ती मोठ्या सभांनी नव्हे, तर रोज नीट लिहिलेल्या अशा शब्दांनी.